मोतालेबचं गाणं वाजेना

टोंगी शहराच्या स्टेशन रोडवर, पोत्यांच्या गोदामावरच्या तिसऱ्या मजल्यावर सहाशे फोन सकाळपासून गाणी म्हणत असायचे, पण खोलीत ऐकू यायचे ते फक्त पंखे. प्रत्येक फोनमध्ये कापलेल्या इयरफोनची नुसती पिन खोचून ठेवलेली होती. फोनला वाटायचं, कुणीतरी कानाला लावून ऐकतंय. आवाज पिनेपर्यंत यायचा आणि तिथंच विरायचा.

कोहिनूरचं काम त्या फोनांवर नजर ठेवण्याचं. लोखंडी मांडण्या भिंतीभर उभ्या होत्या, एकेका फळीवर वीस-पंचवीस फोन, सगळे एकाच ॲपवर. गानघर नावाचं ॲप. तेव्हा ते घराघरात पोचलं होतं. फोन अडकायचे. कुणाची मेमरी भरायची, कुणाचं नेट जायचं, कुणी तापून आपणच डोळे मिटायचा. कुठं पडद्यावर पाटी यायची, 'तुम्ही अजून ऐकत आहात ना?' तिथं 'हो' दाबायचं. सकाळी सात ते संध्याकाळी पाच कोहिनूर फळ्यांमधून फिरत 'हो' दाबत असायची. एखाद्या फोनची बॅटरी फुगून पाठ उचकटली, की तो काढून जिन्यातल्या वाळूच्या बादलीत नेऊन पुरायचा.

त्याआधी अकरा वर्षं ती शर्टाच्या कॉलरी शिवत होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिला एकेचाळिसावं लागलं होतं, आणि त्या वयाच्या बाईला शिलाईच्या लाइनवर कोण उभं करतं? नवरा मलेशियाला गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. तो येईल असं आता शेजारीपाजारीही म्हणत नसत. ती राहायची त्या घराच्या मालकिणीचा भाऊ मिल्टन. त्यानं तिचे हात पाहिले, भराभर चालणारे, आणि कामावर घेतलं.

"गाणं निदान अर्धं मिनिट वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात," मिल्टननं पहिल्या दिवशी समजावलं होतं. "पार्टी सांगते, एवढ्यांनी ऐकलं असं दिसू दे. आपण दाखवतो. पण आपा, एक ध्यानात ठेवा. माणूस एकच गाणं दिवसभर ऐकत नाही. एका फोनवर एक गाणं दिवसात आठदा, बस्स. मधे मधे दुसरी, नावाजलेली. माणसासारखं वागायचं. नाहीतर ॲपवाल्यांना वास लागतो."

कोहिनूरला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. मोठ्या लोकांचे मोठे उद्योग, आपल्याला काय त्याचं? घरी मात्र तिनं नुसतं 'मोबाइलचं काम' असं सांगितलं होतं. खालियाजुरीपर्यंत, माहेरच्या गावी, जाता जाता त्याचं 'मोबाइल दुरुस्तीचं मोठं सेंटर' झालं. तिनंही ते खोडलं नाही.

खालियाजुरीला तिचा भाऊ होता, मोतालेब, आणि त्याची बायको जहुरा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ही तेरा. आईनं करायचं ते सगळं तिनं केलं. हाओरातलं गाव, सहा महिने भातशेती आणि सहा महिने नजर पोचेल तिथवर पाणी, मधे बेटासारख्या वाड्या. मोतालेब पावसाळ्यात इंजिनाची नाव चालवायचा, कोरड्या दिवसांत कापणीला जायचा, आणि बाराही महिने गायचा. लग्नात गायचा, नावेत गायचा, बांधावर बसून बिडी ओढता ओढता गायचा. लोकांची गाणी म्हणता म्हणता त्यानं एक स्वतःचं रचलं. पूर ओसरल्यावर एक माणूस आपलं शेत हुडकत फिरतो, बांध वाहून गेलाय, खूण उरली नाही, आणि तो चिखलालाच विचारतो, 'माझं कुठलं ते तूच सांग.' त्या गाण्याला गावातली म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवायची.

हे गाणं मैमनसिंहच्या आझगर साहेबाच्या कानावर गेलं. त्याचा तिथं छोटा स्टुडिओ होता. त्यानं गाणं भरून घेतलं, रंगवलेल्या धबधब्यापुढं उभं करून, उसना पिवळा पंजाबी कुडता घालायला देऊन मोतालेबचा फोटो काढला आणि म्हणाला, "गानघरवर टाकू. पण नुसतं टाकून भागत नाही मियाँ, लोकांपर्यंत न्यावं लागतं. त्याचा खर्च वेगळा." मोतालेबनं नाव विकली.

"नाव विकलीस?" कोहिनूर फोनवर ओरडलीच. "मग पावसात काय, पाण्यावर पायी चालणार आहेस?"

"बुबु, गाणं चाललं की दोन घेऊ. एक तुझ्या नावाची."

"माझ्या नावाची नको. तुझ्या अकलेच्या नावाची घे."

तो हसला. तो हसला की तिचा राग पुढं सरकत नसे. लहानपणापासून तसंच होतं.

महिनाभरानं त्याचा फोन आला तो धापा टाकतच. "बुबु, चाळीस हजार! चाळीस हजार माणसांनी ऐकलं गं!" आठवड्यानं सत्तर. मग लाख. गानघर गाणाऱ्याला गावंही दाखवायचं, कुठं किती ऐकलं ते. "खुलन्यात चार हजार! बुबु, खुलन्यात आपलं कोण आहे? कुण्णी नाही! आणि सिलहट, आणि चट्टग्राम... काय करत असतील गं ती माणसं? कामावर जाताना ऐकत असतील?"

"असतील," कोहिनूर म्हणाली.  त्या दिवशी तिनं येताना अर्धा किलो जिलबी आणली आणि चाळीतल्या सगळ्या दारांना वाटली.

दोन दिवसांनी, सकाळच्या दहाच्या सुमाराला, तिसऱ्या मांडणीतला एक फोन अडकला. एरवी ती 'हो' दाबून पुढं जायची, चित्राकडे पाहायची नाही; आज हात घातला आणि पडद्यावर पिवळा पंजाबी कुडता दिसला. मागं रंगवलेला धबधबा. तिला आधी वाटलं, हा आपलाच फोन, चुकून इथं ठेवला गेला. मग शेजारचा पाहिला. त्याच्यावरही मोतालेब. खालच्या फळीवर दोन, खिडकीशी पाच. ती फळीच्या गजाला धरून उभी राहिली. ज्या फोनवरचं गाणं संपत होतं तिथून तो नाहीसा व्हायचा आणि दुसरीकडे उगवायचा. सगळीकडे तोच, तोंड किंचित उघडं, मान वर.

दुपारी मिल्टन आला तेव्हा तिनं विचारलं, "मिल्टन भाई, हा पिवळ्या कपड्यातला कुणाच्या यादीतला?"

"तो? मैमनसिंहची पार्टी आहे. दोन लाखांचं काम. का, काही अडकतंय का?"

"नाही. चाललंय नीट."

तिनं सांगितलं नाही. ना मिल्टनला, ना भावाला. संध्याकाळी मोतालेबचा फोन आला आणि तो सांगू लागला की कुमिल्ला शहरात एका दिवसात दोनशे वाढले. कोहिनूर भाताच्या पातेल्यासमोर बसून ऐकत राहिली. सांगायचं तर काय सांगायचं? तुझं कुमिल्ला दरवाज्यामागच्या फळीवर आहे? भात करपला तेव्हा ती उठली.

मात्र त्या दिवसापासून तिच्या हातांना वळण लागलं. त्याचा फोन अडकला की ती आधी तिथं जायची. अर्ध्या मिनिटावर कापायचं गाणं ती त्याच्या फोनांवर पुरं वाजू द्यायची. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा इयरफोन एखाद्या फोनला लावून ती ते ऐकायची. खोलीतल्या सगळ्या फोनांमधून तेवढाच एक वेळ त्याचा आवाज कुणाच्या तरी कानात पडायचा.

आकडा दोन लाखांवर गेला आणि उभा राहिला. काम संपलं होतं. मिल्टननं यादी बदलली. मांडण्यांवर आता एक मुलगी आणि कुणी जाड मिशीवाला गात होता.

गावात तोवर मोतालेबचं नाव 'दोन लाखवाला' पडलं होतं. काही चेष्टेनं म्हणायचे, काही खऱ्या कौतुकानं. कापणीच्या मुकादमाला त्यानं यंदा नाही म्हटलं होतं. होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी मोठा कार्यक्रम व्हायचा होता, गावचा चेअरमन त्यात त्याला गायला उभं करणार अशी बोलणी चालू होती. पण त्याचा स्वतःचा आवाज फोनवर दिवसेंदिवस बारीक होत गेला.

"बुबु, पाच दिवस झाले, आकडा हलत नाही. काल तीन. परवा एक. तो एक मीच होतो."

"थांबतं रे मधे मधे."

"असं कसं थांबतं? रोज चार-चार हजार ऐकायचे, ती माणसं एकदम कुठं गेली? काही चुकलं का माझं? गाण्यात काही लागलं का कुणाला? जहुरा म्हणते, तुम्ही दुसऱ्या कडव्यात श्वास चुकलात म्हणून. तेवढ्यानं माणसं सोडून जातात?"

तो थट्टा करत नव्हता. कोहिनूरला त्याचं चौथ्या वर्षातलं तोंड आठवलं. आई घरात नाही म्हणजे आपणच काहीतरी केलं असेल अशा समजुतीनं तेव्हा तो कोपऱ्यात बसून राहायचा. ती म्हणाली, "कुठं जात नाहीत. येतील परत. जीव थोडा करू नकोस."

पुढच्या शुक्रवारी मिल्टन जुम्म्याच्या नमाजाला गेला. नमाज आणि जेवण करून तो तीन तास तरी येत नसे. कोहिनूरनं दाराला आतून कडी घातली आणि पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. कॉलरी शिवणारे हात. एकेका फोनला चार टिचक्या. तासाभरात सहाशे फोनांवर मोतालेब उभा होता. सहाशे जागी तो चिखलाला आपलं शेत विचारत होता, आणि खोलीत पंखे फिरत होते. तिनं ते गाणं संपल्यावर पुन्हा लागेल असं केलं होतं. मिल्टन यायच्या आधी तिनं सगळं होतं तसं करून ठेवलं.

संध्याकाळी मोतालेबचा फोन. तो रडत होता. "आलीत बुबु. आलीत परत सगळी."

मंगळवारी सकाळी अकराला त्याचा पुन्हा फोन आला. मागं बराच गलका होता.

"बुबु, कामात आहेस? दोन मिनिटं. मी बाजारात आहे, चहाच्या टपरीवर. चेअरमनचे सचिव आलेत, गाणं ऐकायचं म्हणतात. आणि वाजेना."

"काय दिसतंय पडद्यावर?"

"नाव दिसतंय, पण राखेच्या रंगाचं. दाबलं की थरथरतं नुसतं."

"नेटचे एमबी आहेत का?"

"सकाळीच भरलेत."

"दुसरं कुठलंतरी लावून बघ."

थोडा वेळ गेला. मग तिला फोनमधून एक परकं गाणं ऐकू आलं, ढोलकीबिलकी. "वाजतंय! दुसऱ्यांची सगळी वाजतात. माझंच वाजत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, दोन लाख माणसं एकदम ऐकायला बसली असतील, तार तुटली!" आणि टपरीभर हशा झाला. मोतालेबही हसला. "थांबा हो, माझी बहीण यातलीच आहे, आत्ता लावते ठीक."

कोहिनूरनं आपला फोन काढला. गानघर उघडलं. त्याचं नाव राखेच्या रंगाचं. खाली बारीक अक्षरांत, 'हे गाणं आता उपलब्ध नाही.' तिनं फळ्यांकडे पाहिलं. कितीतरी फोन अडकले होते, मिशीवाल्यावर, त्या मुलीवर. एकेका पडद्यावर लाल पाटी चढत होती, 'हे खातं थांबवण्यात आलं आहे.'  शुक्रवार. एकच गाणं, सहाशे फोन, दीड तास. माणूस असं ऐकत नाही.

"बुबु? आहेस ना?"

"आहे. फोन बंद करून पुन्हा चालू कर."

"बंद करतो. सचिव साहेब, एक मिनिट हं, बसा, चहा घ्या."

फोन कापला गेला. तो चालू होईपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं. तिला तेवढ्यात काहीतरी ठरवता आलं असतं. तिनं काही ठरवलं नाही. एका फोनवर पाटी आली, 'तुम्ही अजून ऐकत आहात ना?' तिनं 'हो' दाबलं.

"झालं चालू," मोतालेब म्हणाला. "तसंच आहे."

"सेटिंगमध्ये जा. ॲपच्या नावावर दाब. तिथं साठलेलं साफ करायचं लिहिलंय, ते कर."

"केलं. नाही."

"ॲप काढून टाक, परत घे."

 तो हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये असं बोलला, "काढलं तर आकडा जाईल का गं?"

"आकडा फोनमध्ये नसतो, मोती."

"मग काढतो."

ॲप परत यायला वेळ लागला. तिथं नेट मुंगीच्या पावलानं चालायचं. ती कानाला फोन लावून उभी होती आणि तिला टपरीवरचं सगळं ऐकू येत होतं. बशांचा आवाज, कुणी पानवाल्याला हाक मारतंय, सचिव म्हणतोय की मला पलीकडच्या वाडीला जायचंय. मग मोतालेबचा आवाज, वरच्या पट्टीत, "आलं, आलं," आणि मग काहीच नाही.

"बुबु, सचिव साहेबांच्या फोनवर पण लावून बघितलं. तिथंही राखच. म्हणजे फोन बिघडलेला नाही ना?"

"नाही."

"मग काय बिघडलंय?"

"कंपनीचं काम चालू असेल. दोन-तीन दिवस लागतील."

"कंपनीचं काम चालू आहे!" तो सगळ्या टपरीला ओरडून म्हणाला. "दोन-तीन दिवस!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कुठल्या जातीच्या होत्या ते कोहिनूरला इतक्या लांबून कळलं.

मिल्टन दुपारी आला तो चेहरा पाडून. चार पार्ट्यांची गाणी उडाली होती, तीनशे खाती गेली होती. त्यानं शुक्रवारची नोंद काढून पाहिली आणि तिच्यासमोर धरली. "आपा, हा तुमचा कोण?"

"भाऊ."

त्यानं नोंद पुन्हा एकदा वर-खाली पाहिली. "आधी सांगायचं होतंत. मी रीतसर पन्नास हजार जास्त दाखवले असते, तुमच्यासाठी. हळूहळू." मग मान हलवत तो लाल पाट्या मोजायला लागला. त्यानं तिला काढलं नाही. एवढे फोन पुन्हा उभे करायला दुसरं कोण मिळणार होतं?

मोतालेब रोज फोन करायचा. आझगर साहेबाचा फोन लागत नव्हता. चेअरमननं शर्यतीच्या दिवसासाठी नेत्रकोन्याहून एक गवई ठरवला. सहाव्या दिवशी कोहिनूर जिन्यात वाळूच्या बादलीपाशी होती, तेव्हा खालून पायांचा आवाज आला. मोतालेब वर येत होता. खांद्याला पिशवी, हातात रुमालात गुंडाळलेला फोन. हाओरातून नाव, मग रेल्वे, मग बस, डोळे तारवटलेले.

"गोदामाच्या रखवालदारानं सांगितलं वर आहेस. म्हटलं तुझ्या सेंटरवरच दाखवावा. तुम्ही लोक उघडून बघाल."

ती दारात आडवी उभी राहू शकली असती. किती दिवस राहणार होती? ती बाजूला झाली.

तो आत आला आणि मांडण्यांकडे पाहत राहिला. "बाप रे. एवढे दुरुस्तीला आलेत?"

'हो' म्हटलं असतं तर चाललं असतं. तो तिच्यावर विश्वास ठेवून खुर्चीवर बसला असता, तिनं त्याचा फोन उघडल्यासारखं करून परत दिला असता. ती म्हणाली, "दुरुस्तीचे नाहीत. हे गाणी ऐकतात."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. ऐकलं असं दिसावं म्हणून."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कोहिनूरनं मदत केली नाही. त्यानं एका फोनच्या पिनेला बोट लावलं, कापलेलं टोक पाहिलं.

"माझं पण?"

"तुझं पण."

"किती?"

"सगळं."

त्यानं पिनेवरचं बोट काढलं. मग म्हणाला, "खुलना?"

तिनं दुसऱ्या मांडणीतली सगळ्यात खालची फळी दाखवली.

"सिलहट?"

"खिडकीजवळ."

तो खिडकीजवळ गेला आणि वाकून सिलहट पाहिलं. तीस फोन होते, पडद्यांवर धूळ. त्यातल्या एकावर पाटी आली आणि कोहिनूरचा हात आपोआप पुढं होऊन 'हो' दाबून मागं आला. मोतालेबनं ते पाहिलं. तिला वाटलं आता तो हात उगारेल, शिव्या देईल, निदान नावेचं बोलेल. तिनं मान खाली घातली.

"इयरफोन आहे का?" त्यानं विचारलं.

तिनं आपला दिला. त्यानं समोरच्या फोनची पिन काढली आणि इयरफोन लावला. त्या फोनवर ती मुलगी होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली, वीस-बावीसची असेल. मोतालेबनं उभ्या उभ्या तिचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा त्याची मान हलली. संपल्यावर त्यानं इयरफोन काढून नीट गुंडाळला.

"बरी गाते," तो म्हणाला. "हिला ठाऊक आहे?"

"मला काय माहीत?"

तो पाणी प्यायला. जेवायला थांब म्हटलं तर नको म्हणाला. जिना उतरताना त्यानं रुमालातला फोन पिशवीत खाली, कपड्यांच्या तळाशी घातला. ॲपनं गाणं का काढलं हे त्यानं विचारलं नाही, आणि शुक्रवारचं तिनं सांगितलं नाही.

पुढचं तिला जहुराकडून कळत गेलं. मोतालेब घरी गेला आणि बाजारात सगळ्यांना सांगितलं की गाणं मीच काढायला लावलं. टोंगीला एका भल्या माणसाची गाठ पडली, गाणं म्हणजे पाप हे सांगून त्यानं डोळे उघडले. आता गाणं-बजावणं सोडलं. त्याच्यावर हसणारं कुणी उरलं नाही. 'दोन लाखवाला' म्हणणाऱ्यांनाच आता आपली लाज वाटली. एवढ्या नावावर पाणी सोडणारा माणूस! त्यानं दाढी राखली. पाच वेळा मशिदीत जाऊ लागला. लग्नघरची माणसं बोलवायला येत, त्यांना हात जोडून परत पाठवू लागला. मनातून तो नमाज कसा पढायचा ते त्याचं त्याला ठाऊक. त्यात डोकावणारी कोहिनूर कोण? पण त्या भल्या माणसाचं नाव काय, असं जहुरानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला नाही ठाऊक."

बकरी ईदला ती गावी गेली. जहुरानं तिचे हात हातात घेतले. "बुबु, तुम्ही त्यांना बोलावून घेतलंत म्हणून माझं घर सावरलं. आता वेळेवर येतात, वेळेवर जेवतात. शब्दाला शब्द नाही." घर खरंच शांत होतं. ताटात मोतालेबनं स्वतः मटण वाढलं, चांगला तुकडा बघून. बोलला तेवढं नीट बोलला. मात्र सगळं असं, की शेजारच्या पाहुण्यालाही तेच बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो बांधावर बैलाला पाणी दाखवत होता. कोहिनूर तिथं गेली.

"मोती, एक सांगायचंय. गाणं गेलं ते माझ्यामुळं. आकडा थांबला होता ना, तेव्हा मी एका शुक्रवारी सगळ्या फोनांवर लावलं. दीड तास. त्यानंच त्यांना कळलं. नसतं लावलं तर राहिलं असतं."

त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "का लावलंस?"

"तुझं नाव व्हावं म्हणून."

"कुणात?"

त्यानं ते रागानं विचारलं नव्हतं. तो खरंच उत्तराची वाट पाहत थांबला, तिच्या तोंडाकडे बघत. पाणी बांधाला लागत होतं.  शेवटी त्यानंच दावं सोडवलं आणि म्हणाला, "चल, जहुरानं चहा ठेवला असेल."

परत निघताना त्यानं तिची पिशवी नावेपर्यंत आणली. तिला हात धरून चढवलं, बसायला कोरडी फळी पुसून दिली. "पोचलीस की फोन कर," म्हणाला.

टोंगीला पोचल्यावर तिनं फोन केला. जहुरानं उचलला, ते मशिदीत गेलेत म्हणाली. त्यानंतरही कोहिनूर दर शुक्रवारी फोन करते. उचलते ती जहुराच.